आत उघडणारं दार

"दार उघडा. दार उघडा म्हणून राहिलो ना मी. जवाईबुवा, आत माणूस आहे का भूत?"

माझे सासरे अमरावतीहून आले होते आणि जठारपेठेतल्या माझ्या खोलीचं दार दोन्ही मुठींनी बडवत होते. सरकारी खात्यात साहेब म्हणून त्यांची उभी हयात ओरडण्यात गेली होती. निवृत्तीनंतर शिपाई गेला, जीप गेली, हाताखालची माणसं गेली. आवाज तेवढा सरकारनं परत मागितला नाही. त्या आवाजानं खालच्या दुकानांची शटरं आपोआप अर्धी खाली येत होती.

"उघडतो, मामाजी," मी आतून म्हणालो. "जरा थांबा."

हे म्हणताना मी छातीपर्यंत कापसात उभा होतो. कापूस म्हणजे गादीतला मऊ, शहाणा कापूस नव्हे. शेतातून वेचून आणलेला, सरकीसकट, काडीकचऱ्यासकट आणि अंगाला खाज सोडणाऱ्या किड्यांसकट आलेला कापूस. तो माझ्या आणि दाराच्या मध्ये ठाण मांडून बसला होता आणि दार आत उघडणारं होतं. माझा मोठा भाऊ त्याच कापसाच्या माथ्यावर, छताला डोकं टेकवून, पंख्याचं पातं धरून बसला होता. स्वतःच्या हातानं बांधलेल्या देवळाच्या कळसावर अडकलेल्या गवंड्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"जिन्यात लोक जमून राहिले," सासरे म्हणाले. "पोरगी लेकरू घेऊन उभी आहे. गाडी खाली उभी आहे. दार उघडत नसंल तं तसं सांगा, मी हिले वापस अमरावतीले नेतो. मंग बसा आत कडी लावून जन्मभर."

बायको दिवाळीच्या आधी बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलीला मी बारशाला एकदा पाहिलं होतं, तेही कुणाकुणाच्या खांद्यावरून, टाचा उंचावून. आता संक्रांत उलटली होती आणि सासरे दोघींना पोचवायला आले होते. गाडीच्या टपावर माहेरचा पाळणा बांधलेला होता. आणि हा माणूस बोलला की करणारा होता. त्यांनी त्या दिवशी गाडी वळवली असती तर मुलगी मला थेट दप्तर घेतलेलीच दिसली असती.

त्या खोलीबद्दल आता सांगितलंच पाहिजे. घरमालक तिला 'वन रूम किचन' म्हणत असे. रूम कुठली आणि किचन कुठलं हे त्यानं मला बोटानं दाखवलं होतं, आणि दोन्ही वेळा बोट एकाच जागी होतं. मी एका खाजगी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. म्हणजे तास झाला तर मी प्राध्यापक, नाही झाला तर रिकामटेकडा. अशा अर्धवट माणसाला ती अर्धवट खोली शोभत होती. आत एक पलंग होता आणि उरलेली खोली म्हणजे त्या पलंगाची किनार. पडल्या पडल्या डाव्या हातानं गॅस पेटवता येई, उजव्या हातानं नळ बंद करता येई आणि पायाच्या अंगठ्यानं पंखा लावता येई. पोहे परतता परतता मला झोप लागली आहे आणि पोहे करपलेले नाहीत, कारण मी कूस बदलली की हातातलं उलथनंही फिरायचं. एक पाहुणा आला की आमच्यापैकी एकानं बाहेर गॅलरीत उभं राहायचं. एकदा दोघं आले, तर आम्ही दोघं बाहेर आणि पाहुणे आत बसून एकमेकांना चहाचा आग्रह करत होते. रुसायला कोपरा एकच. "तुमचं झालं असंल तं सरका, आता मले रुसायचं आहे," असं बायको म्हणायची आणि मग दोघांचंही रुसणं वाया जायचं.

दार आत उघडायचं ते घरमालकाच्या चिक्कूपणामुळे. गॅलरी त्यानं एवढी अरुंद ठेवली होती की दार बाहेर उघडलं असतं तर जिना चढून आलेला माणूस थेट खालच्या गादीवाल्या चाचांच्या दुकानात परत पोचला असता. तिथं निदान गाद्या होत्या.

लहान घराचं कौतुक करणाऱ्या लोकांचा मला मनापासून तिटकारा आहे. हे लोक नेहमी मोठ्या घरात राहतात. रविवारच्या पुरवणीत 'कमी वस्तू, जास्त समाधान' असलं काहीतरी वाचतात. शेजारी फोटो असतो: पांढरी भिंत, एक खुर्ची, कुंडीत एकुलतं एक रोप. त्या खुर्चीवाल्याचं लोखंडी कपाट, गव्हाची कोठी, आजारी आत्या आणि लग्नात आलेली, अजून न उघडलेली भांडी कुठं गेली, ते फोटोत येत नाही. माझे सासरे याच पंथाचे. लग्न ठरताना मुलीकडची मंडळी मुलाचं घर पाहायला येतात, ही आमच्याकडची रीत. सासऱ्यांनी ती उडवून लावली. ती वर्षंच तशी होती. कापसाला भाव नव्हता, शेती करणाऱ्याला कुणी पोरगी देत नव्हतं. शेत असावं, पण पोरानं त्यात पाय ठेवू नये, अशी बापांची अट असायची. सासऱ्यांनी 'कॉलेज' ऐकलं, 'अकोला' ऐकलं, तेल्हाऱ्याकडचं शेत ऐकलं आणि पुढे काही विचारलं नाही.

"नवरा-बायकोले जागा लागते किती?" ते बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले. "घर लहान असलं का मन मोठं होते."

एवढं सुंदर वाक्य मी कशाला खोडून काढू? सुपारी फुटली.

ते स्वतः मात्र अमरावतीच्या एका नव्या कॉलनीत एवढा मोठा बंगला बांधून राहत होते की त्यांच्याच काही खोल्यांशी त्यांची ओळख नव्हती. बैठकीतल्या सोफ्यावरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. त्यावर बसलेला पाहुणा घसरत घसरत आपसूक दाराकडे निघायचा. स्वयंपाकघरातून निघालेला चहा बैठकीत पोचेपर्यंत त्याचं सरबत व्हायचं. बारशाला गेलो तेव्हा बायको आणि मुलगी अगदी शेवटच्या खोलीत, धान्याच्या कोठ्यांशेजारी होत्या, कारण पुढच्या खोल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या, आणि पाहुणे घसरून गेलेले. हाक तिथवर जात नसे. सासूबाई बैठकीतून मागच्या खोलीत मोबाइलवर मिस कॉल देत. एक दिला तर जेवायला ये, दोन दिले तर नवरा आला आहे. घर नव्हतं ते, तालुका होता.

आणि आता दादा. माझा हा मोठा भाऊ तेल्हाऱ्याकडचं आमचं शेत करायचा, आणि वऱ्हाडात स्वाभिमान शिल्लक राहिला असेल तर तो आपल्याच घरी, असा त्याचा समज होता. मार्गशीर्षात तो कापसाची गाडी भरून अकोल्याच्या जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, आला. व्यापाऱ्यानं कापसात कोपरापर्यंत हात खुपसला, बाहेर काढला, झटकला आणि म्हणाला, "ओला आहे." झालं. दादाला ते असं लागलं की जणू कुणी आईच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं. त्यानं गाडी वळवली. गावी परत न्यावी तर लोक विचारणार, म्हणून ती माझ्या दारी आणली.

"दोन दिवस ठेवतो," तो म्हणाला. "भाव चढला का उचलतो."

त्या साली साऱ्या वऱ्हाडाला ही खोड लागली होती. कापूस विकायचा नाही, घरात कोंडायचा आणि भाव चढायची वाट पाहायची. बार्शीटाकळीपासून तेल्हाऱ्यापर्यंत घराघरात कापूस पलंगावर झोपत होता आणि माणसं ओसरीत कुडकुडत होती. मुंबईहून माणसं यायची, दारातून वाकून तो पांढरा ढीग पाहायची आणि चेहरा पाडून त्याच्यासोबत फोटो काढून घ्यायची. पण त्या लोकांना निदान ओसऱ्या होत्या. दादानं हा सगळा पराक्रम माझ्या पलंगावर केला. दोन दिवसांचा पौष झाला. कापूस राहिला तो राहिला, त्याच्या राखणीला दादाही राहिला. गॅस बुडाला, नळ बुडाला, दिवाळीत आणलेलं घड्याळ कापसाच्या आत कुठंतरी टिकटिक करत राहिलं. मी उंदरासारखं बीळ करून झोपायचो आणि कॉलेजात विद्यार्थी माझ्या कानातून सरकी काढून देत.

दादा खोलीत असला की पूर्वीपासूनच एक पंचाईत असे. तो माझ्या बायकोचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी थेट बोलत नाही, डोक्यावर पदर घेते. आणि भासराही खाकरल्याशिवाय तिच्यासमोर येत नाही. मोठ्या घरात ही रीत शोभते. माझ्या खोलीत दादा पलंगाच्या पायथ्याशी, बायको उशाशी आणि मधे मी टेलिफोन एक्स्चेंज.

"त्यांना विचारा, भाजी वाढू का?"

"तिले सांग, राहू दे."

दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते आणि निरोप मात्र माझ्यामार्फत जात होते. दादा प्रत्येक वाक्याआधी खाकरायचा. खालून चाचा विचारायचे, "बडे भाई की छाती का इलाज करवाओ, मियाँ."

तर सासऱ्यांचा निरोप आला की उद्या सकाळी दोघींना घेऊन येतो. मी दादापुढे हात जोडले. म्हटलं, आता उचल.

"काहून उचलू?" दादा म्हणाला. "तुडवून देतो ना. गाडीत नाही का तुडवत आपण?"

बैलगाडीत कापूस भरताना बाजूंना बांबूचे तट्टे उभे करतात, वर माणूस चढतो आणि कापूस पायांनी तुडवतो. मग गाडीत दुप्पट माल मावतो. दादानं माझ्या खोलीची बैलगाडी केली. मधोमध तट्टे उभे केले, दोरानं खिडकीच्या गजाला बांधले, सगळा कापूस तट्ट्यांपलीकडे लोटला आणि आम्ही दोघं भाऊ वर चढून नाचलो. असे नाचलो की चाचांच्या छताचा चुना गाद्यांवर पडला आणि त्यांनी त्या गाद्या 'नक्षीवाल्या' म्हणून विकल्या. संध्याकाळपर्यंत अर्धी खोली मोकळी झाली. पलंग दिसला, गॅस दिसला, घड्याळ सापडलं. मी धुतलेली चादर घातली, मुलीसाठी भिंतीशी झोळी बांधली. दादानं तट्ट्यांवरून आईची जुनी साडी पडद्यासारखी सोडली.

"म्हणायचं, तिकडं दुसरी खोली आहे," तो म्हणाला.

लग्नानंतर पहिल्यांदा ती खोली मला राहण्याजोगी वाटली, इतकी ती लबाड दिसत होती.

सकाळी खाली गाडीचा हॉर्न वाजला. कापूस उडू नये म्हणून दार लावलेलंच होतं. मी कडी काढायला निघालो तर दादा म्हणाला, "थांब, एकडाव अजून दाबून घेतो." तो तट्ट्यांपलीकडे चढला आणि त्यानं उडी मारली. बैलगाडीत हे चालतं, कारण तिथं तट्टे चारी बाजूंनी एकमेकांना धरून असतात. इथं एकच बाजू, एकच दोर आणि आईची साडी. दोर तुटला. तुडवलेला कापूस सुटला की तो नुसता सांडत नाही, अंगावर येतो. आमची दुसरी खोली पहिल्या खोलीत आली, पलंग गिळला, झोळी गिळली, मला उचलून खिडकीशी टाकलं आणि स्वतः दाराला पाठ लावून बसली.

आणि बाहेरून सासरे दार बडवू लागले.

"करून काय राहिले तुमी आत?"

"कापूस आहे, मामाजी."

"कापूस? किती?"

"दारापर्यंत."

"म्या पोरगी प्रोफेसरले देली होती का जिनिंगले?"

व्याह्यांचं हे ऐकून दादाला वरून राहवलं नाही. "इवाई, जिनिंगवाल्याले तं तुमी द्यायले तयारच होते. त्यानंच नाही म्हटलं होतं."

दारावर दोन्ही मुठींचा एकदम आवाज आला. अशा रीतीनं तडजोडीची सगळी वाट दादानं बंद केली. खिडकीला गज होते आणि गजांतून मूठभर कापूस जात होता. मी मुठीनं कापूस बाहेर टाकायला लागलो. दादा वरून घसरत आला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

"एक बोंड बाहेर गेलं तं पाहा."

"दादा, ती वापस जाईल."

"गेली तं येईल. भाव गेला तं येत नाही."

हा आमच्या घरातला स्वाभिमान. आम्ही भांडलो. पण कापसात भांडण होत नाही. मारलेली थप्पड गालापर्यंत पोचेस्तोवर राग निघून जातो आणि हात तिथंच अडकतो. तेवढ्यातही मी जमेल तसा कापूस बाहेर फेकतच होतो. जठारपेठेच्या रस्त्यावर पांढऱ्या मुठी पडत होत्या. चाचांच्या बकऱ्या सरकीसाठी धावल्या, त्यांच्यामागे गल्लीतल्या साऱ्या बकऱ्या धावल्या. चाचा खालून म्हणाले, "मियाँ, ये अकोले में बरफ कब से गिरने लगी?"

सासऱ्यांना खाली जमलेल्या लोकांचं हसणं ऐकू आलं असावं. "झालं," ते म्हणाले. "चल बाई, उतर खाली. ड्रायव्हर, पाळणा सोडू नको, तसाच राहू दे टपावर. गाडी वळव." आणि जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या.

मी गजांना तोंड लावून पाहिलं. ड्रायव्हर खरंच गाडीत बसत होता.

मग दाराच्या फटीशी बायकोचा आवाज आला. मला वाटलं, आता मला काहीतरी म्हणेल. मी कान पुढे केला.

"भाऊजी," ती म्हणाली, "लेकरू उभ्यानं किती वेळ धरू? हात भरून आले."

जिन्यावरच्या चपला थांबल्या. दादाचा हात माझ्या मनगटावरून सुटला. लग्न होऊन एवढे दिवस झाले, ती दादाशी एक अक्षर बोलली नव्हती. त्याला हाक कशी मारायची हेसुद्धा कधी ठरलं नव्हतं, कारण वेळच आली नव्हती. दादानं सवयीनं खाकरायला तोंड उघडलं आणि त्यात कापूस गेला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, की एक्स्चेंज त्याच्या वतीनं काही पोचवील. एक्स्चेंज बंद होतं.

"काढतो," दादा दाराला म्हणाला. "काढतो, बाई." आणि माझ्याकडे वळून, "सरक ना, बयताडा. उभा काय राहिला?"

त्यानंतर जे मी पाहिलं ते दादाच्या शेतातल्या बैलांनीही कधी पाहिलं नसेल. तो माणूस घुशीसारखा कापसात शिरला. ज्या कापसाला ओला म्हटलं म्हणून त्यानं अख्खा जिल्हा अंगावर घेतला होता, तोच कापूस तो काखोटीला मारून छताकडे, पलंगाकडे, माझ्या अंगावर आणि गजांतून थेट बकऱ्यांच्या तोंडात फेकत होता. शेवटी कडी हाताला लागली, दार टीचभर हललं, मग हातभर उघडलं. फटीतून आधी दुपट्यात गुंडाळलेली मुलगी आत आली. मी खिडकीशी कापसात रुतलेलो. जवळचे हात दादाचे होते. बायकोनं मुलगी त्या हातांत दिली. दादानं तिला कापसाच्या वर, छताला लागेल अशी उचलून धरली आणि खाज सुटलेली असतानाही तो हलला नाही. खाकरलाही नाही. मग डोक्यावर पदर घेऊन बायको आडवी होऊन आत आली.

सासऱ्यांनीही प्रयत्न केला. अर्धं पोट अकोल्यात आलं. बाकीचे सासरे अमरावतीतच राहिले. त्यांना फटीतून एका डोळ्यानं जेवढी खोली दिसायची तेवढी दिसली, आणि जेवढी दिसली तेवढीच होती.

"हे घर आहे?" त्यांनी विचारलं.

घर लहान असलं का मन मोठं होते, हे त्यांचंच वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, पण जिभेवरही कापूस होता. ते खाली गेले आणि चाचांच्या दुकानात गादीवर बसले. आपली लेक आज ना उद्या शहाणी होऊन खाली येईल म्हणून त्यांनी दुपारपर्यंत गाडी उभी ठेवली, चाचांचे दोन कप चहा घेतले, दोन्ही गरम होते, आणि अमरावतीला निघून गेले. पाळणा टपावरच परत गेला. तो आत आला असता तर आम्हाला बाहेर राहावं लागलं असतं. दादानं आठवड्याभरात कापूस त्याच जिनिंगवर नेला. तोच व्यापारी, तोच कोपरापर्यंत हात, तेच "ओला आहे." या वेळी दादानं गाडी वळवली नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी सासऱ्यांची गाडी गेली, दादा चाचांच्या बकऱ्यांशी हुज्जत घालायला खाली उतरला, आणि खोलीत आम्ही तिघं आणि उरलेला कापूस राहिलो. बायको कापसाच्या ढिगावर मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मी मान खाजवत तिच्याकडे पाहत होतो. एवढा मोठा बंगला सोडून ही बाई या बिळात शिरली, तेही आडवी होऊन. त्यामागे काय कारण असणार ते मला समजलं होतं, फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मी केस नीट केले, त्यातली सरकी काढली.

"तिकडं एवढ्या खोल्या असून इथं काहून आली?" मी विचारलं.

"तिथं मागच्या खोलीत पोरगी रडली तं कोणाले ऐकू येत नाही," ती म्हणाली. "झोळी कुठी गेली ते पाहा, तिले झोप येऊन राहिली."